एम्लिनचे केस

एम्लिनचे केस कापायचे की तसेच ठेवायचे, यावरून प्रोथेरोंच्या घरात वाद पेटला, तेव्हा एम्लिन स्वतः बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्यांवर ठेवलेल्या शवपेटीत पडून होता. या घरातल्या वादात त्याने तोंड घातलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

केस म्हणजे थोडेथोडके नव्हते. वेल्समधून अमेरिकेत येऊन वसलेल्या या खाणगावात फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत धरून एकमेकांवर तुटून पडणं, आणि पेन्वर्न कॉलेजचे फुटबॉलचे गडी जुलैपासून डोक्याला कात्री लागू देत नसत. कातडी टोपी घालून उतरणाऱ्याला ही पोरं बाळंतीण म्हणायची. डोक्याला चिलखत म्हणजे आपले केस, बस्स. सप्टेंबरात पहिला सामना, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेवटचा. तो झाला की अख्खा संघ चिखलासकट एम्लिनच्या मार्गेड काकूच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि ती एकेकाला स्टुलावर बसवून मोकळं करायची. लिसा आत्या दारात उभी राहून म्हणायची, "या बाबांनो, या. मेंढ्या आल्या गं, मार्गेड. लोकर वाया घालवू नकोस, उशा भरू."

त्या १९०५ सालच्या हंगामात तर पोरांनी कहर केला होता. एक बरोबरी सोडली तर सगळे सामने जिंकले. फुटबॉल हा सैतानाचा खेळ आहे असं सांगणारे चॅपेलमधले वडीलधारे ऑक्टोबरपासून मैदानाभोवतीच्या दोराला टेकून सामने बघायला लागले होते. पोरं जिंकायला लागली की सैतानाचंही कुणी मनावर घेत नाही. नदीपलीकडच्या मोठ्या कॉलेजशी एवढा एकच सामना उरला होता. त्याच्या आधीच्या शनिवारी एम्लिन मैदानात पडला आणि रविवारी चॅपेलची घंटा होण्याआधी गेला. कॉलेजने उरलेला सामना रद्द केला. हंगाम संपला म्हणावं तर शेवट झाला नव्हता, आणि चालू आहे म्हणावं तर खेळायला कुणी उरलं नव्हतं. सगळ्या पोरांच्या डोक्यावर केस मात्र तसेच होते.

"कापा," एलायस म्हणाला. "माझा मुलगा खेळगडी म्हणून मातीत जाणार नाही. चॅपेलचा मुलगा म्हणून जाईल."

"काका, नका कापू." मार्गेडचा मुलगा इद्रिस दाराच्या चौकटीतच उभा होता, आत यायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "हंगाम अजून... पोरांनी मला सांगायला पाठवलंय. आम्ही कुणीच कापणार नाही. त्याचेही राहू देत."

एलायसने पुतण्याकडे पाहिलं. इद्रिसच्या भुवईवर अजून काळ्या मेणाची पट्टी होती, आधीच्या सामन्यात फुटली होती तिथे. ती एलायसनेच मारलेली. पाटीच्या दगडाच्या खाणीत कुणालाही कपची लागली की डॉक्टरच्या आधी एलायस. चांभाराचं मेण वितळवून कातड्याच्या तुकड्यावर पसरायचं, तुकडा चौकोनी, पण चारही कोपरे कात्रीने उडवलेले, म्हणजे पट्टी उचकटत नाही. तशी पट्टी गावात दुसऱ्या कुणाच्या हातची नसायची.

"तू कोण सांगणारा?" एलायसचा आवाज चढला नाही, म्हणूनच मार्गेडला जास्त भीती वाटली. "कप्तान तू होतास. आत कोण राहणार, बाहेर कोण जाणार, तुझ्या हातात होतं. तो एकदा पडला, तू उठवलास आणि परत उभा केलास. डॉक्टरांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, याआधी डोक्याला काही लागलं होतं का? नाही म्हणालो मी. ठणठणीत पोरगा दिला होता तुझ्या हातात."

"काका—"

"आज पेटीला तुझा खांदा लागणार नाही. मी नाव घेणार नाही तुझं."

लिसा आत्याने हातातली कपबशी खाली ठेवली. कॅट्रिन, एम्लिनची आई, खिडकीजवळ बसली होती आणि बाहेर बघत होती. नवऱ्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं की नाही ते कळेना.

गावच्या रीतीप्रमाणे पेटी उचलायच्या आधी मृताचा बाप उंबऱ्यावर उभा राहून सहा नावं मोठ्याने घेतो, आणि रक्ताच्या नात्यातला धडधाकट पुरुष त्यात नसेल तर ते सगळ्या डोंगराला ऐकू जातं. एलायसचा थोरला भाऊ ओवेन खाणीत गेला, मार्गेड विधवा झाली, तेव्हा कड्यावरचा दोर ज्याने तपासला नव्हता त्या चुलतभावाचं नाव असंच घेतलं गेलं नव्हतं. त्या माणसाने पुढे दोन वर्षं काढली. चॅपेलमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. शेवटी ओहायोला निघून गेला, आणि त्याची आई मरेपर्यंत "ज्याला खांदा देऊ दिला नाही त्याची आई" राहिली. मार्गेडला स्वतःची पर्वा नव्हती. इद्रिस बावीसचा होता. तेवढ्या वयात कपाळावर बसलेला शिक्का पुसत नाही.

"भावजी," ती म्हणाली, "रागाच्या भरात—"

"वहिनी, तुम्ही केस कापा. आजवर घरातल्या सगळ्या पोरांचे तुम्हीच कापलेत."

"मार्गेडच कापेल," कॅट्रिन खिडकीजवळूनच म्हणाली. सकाळपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य.

कात्री आणायच्या निमित्ताने मार्गेड मागच्या कोठीत गेली. इद्रिस तिच्या आधीच येऊन कोळशाच्या ढिगाजवळ उकिडवा बसला होता. एवढा दांडगा गडी, पण बसला होता लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा.

"तू त्याला बाहेर का काढलं नाहीस?" तिने विचारलं. दोन दिवस तिला हे विचारायचं होतं.

"बाहेर गेलेला गडी परत येत नाही, आई. नियम आहे. आणि त्याच्या जागी कोण होतं? एकाचा खांदा निखळलेला, दुसऱ्याचं नाक. शिकवणाऱ्या सरांना बाहेरून तोंड उघडायची बंदी. सगळं माझ्यावर. पण मी बघितलं, आई. तपासलं मी त्याला. आम्ही पाचर करून घुसलो होतो, सगळे एकमेकांच्या कमरेला धरून. पाचर फुटली आणि तो खाली गेला. उठवला तर डोळे बरोबर, पण एक शब्द बोलेना. मग मी त्याला स्तोत्र म्हणायला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"मेंढपाळाचं स्तोत्र. वेल्शमध्ये. रविवारी पोरांकडून म्हणवून घेतात ना, ते. अख्खं म्हटलं त्याने. एक शब्द चुकला नाही. बाकीची पोरं हसायला लागली, म्हणाली, प्रार्थनासभा भरवलीय का? म्हटलं, ज्याला सहा ओव्या अशा पाठ आहेत त्याचं डोकं जाग्यावर आहे." त्याने मान वर केली. "डोकं जाग्यावर होतं ना, आई? नसतं तर म्हणता आलं असतं का?"

मार्गेडच्या डोळ्यांसमोर एकदम एक जुनी खाट आली. एम्लिन चार वर्षांचा, तापाने फणफणलेला, आईलाही ओळखत नव्हता. "ही बाई कोण?" म्हणून रडत होता. आणि मध्येच डोळे मिटून तेच स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत होता, घडाघडा. तेव्हा ती आणि कॅट्रिन दोघी रात्रभर त्याच्या उशाशी होत्या. या डोंगरावरच्या पोरांना ते स्तोत्र दातांच्या आधी येतं. त्याला डोकं लागतच नाही, ते तोंडातच राहतं. हे कुठल्याही आईने सांगितलं असतं. पण मैदानात आया नसतात.

"होतं," ती म्हणाली. "जाग्यावर होतं."

इद्रिसने तोंडावर हात घेतला आणि रडला. ती त्याच्या जटा कुरवाळत राहिली आणि आपण काय बोललो त्याचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं.

बैठकीत ती एकटीच गेली, दार लोटून घेतलं. कॅट्रिनला बोलावलं होतं, पण ती "पाणी तापवते" म्हणून चुलीपाशी राहिली होती.

मेलेल्याचे केस कापणं हे जिवंताचे कापण्यापेक्षा सोपं असायला हवं. मान हलत नाही, गुदगुल्या होत नाहीत. एम्लिन तर स्टुलावर क्षणभर स्थिर बसायचा नाही. "काकू, कान राहू दे हं, तो लागतो मला," हे दर वेळचं. मार्गेडने पुढचे केस कापले. उजव्या कानशिलावर डॉक्टरांनी बांधलेली पट्टी होती, ती सोडून भोवतीने कापले. हाताला वळण होतं म्हणून हात चालत होता. मग तिने त्याची मान डाव्या हाताने किंचित उचलली, डाव्या कानामागचा दाट पुंजका कंगव्यात धरला, आणि थांबली.

पुंजक्याखाली केस आखूड होते. कुणीतरी आधीच कापलेले, वाढू लागलेले. त्यांच्यामध्ये सुकून आलेली खपली, आणि खपलीभोवती केसांच्या मुळांशी काळं मेण. मेणाचा चौकोन अजून नीट दिसत होता. चारही कोपरे उडवलेले.

ती पेटीशेजारच्या खुर्चीवर बसली.

दोन-तीन आठवड्यांपूर्वीची जखम होती ती. मग मार्गेडला एकेक आठवायला लागलं. तेव्हाच्या एका रविवारी एम्लिन जेवताना ताटावरच झोपला होता. लिसा आत्या म्हणाली होती, "जिंकलेल्या माणसाला बटाटेसुद्धा दिसत नाहीत." चॅपेलमध्ये दिव्याकडे बघताना त्याने डोळ्यांवर हात धरला होता. आणि एलायस म्हणाला होता, "पोराला झोपू द्या, दमलाय." एलायसला माहीत होतं. त्याने कोठीत नेऊन गुपचूप पट्टी मारली, वरचे केस पट्टीवर विंचरले, आणि बहुतेक म्हणाला असेल, आईला सांगू नकोस. कारण डोक्याला लागलं तर खेळणं बंद, हे कॅट्रिनने जुलैतच पोराकडून वदवून घेतलं होतं. बापाला मात्र दोराशी उभं राहून "तो माझा" म्हणायचं होतं. दर शनिवारी हॅट हातात घेऊन उभा असायचा. त्याच्यासारखा दगड फोडणारा माणूस, त्याच्या वाट्याला आयुष्यात तेवढंच मिरवणं आलं होतं.

आता दार उघडायचं आणि हाक मारायची, एवढंच बाकी होतं. सगळ्यांनी येऊन बघावं. डॉक्टरांना "नाही" म्हणणारा कोण, आणि खांदा नाकारणारा कोण. इद्रिस सुटला असता. मार्गेड उठलीसुद्धा. दाराच्या मुठीवर तिने हात ठेवला.

पलीकडे चुलीवर पाणी सळसळत होतं आणि कॅट्रिन काहीतरी धूत होती. आज कॅट्रिनचा मुलगा जाणार होता. मार्गेडने हे दार उघडलं तर संध्याकाळी तिचा नवराही गेला असता, जिवंतपणी. आणि खरं एकदा बाहेर पडायला लागलं की एकावर थांबत नाही. कुणीतरी विचारणारच, इद्रिसने त्याला तपासलं कसं? आणि स्तोत्राचं ऐकल्यावर कॅट्रिनला तो ताप आठवल्याशिवाय राहणार नव्हता.

मार्गेड परत आली. बाकीचं सगळं डोकं तिने व्यवस्थित कापलं, भांग पाडला. डाव्या कानामागचा पुंजका तेवढा लांब ठेवला आणि जखमेवर नीट बसवला. वाईटच दिसत होतं. कुणाही न्हाव्याला लाज वाटली असती.

"झालं का, वहिनी?" एलायस आत आला. तो पेटीवर वाकला. "बघा, कसा दिसतोय. शहाण्यासारखा." त्याने हात पुढे केला, गालावरून फिरवला, आणि तो हात कानामागे गेला. पुंजक्यापाशी थबकला.

मार्गेड कात्री फडक्यात गुंडाळत होती.

"एवढे राहिलेत," तो म्हणाला.

"माझा हात थरथरला, भावजी. एवढे राहू दिले."

तो वळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला कळलं की तिला कळलं आहे. पंचवीस वर्षं एका अंगणात राहिलेल्या माणसांना त्यासाठी बोलावं लागत नाही. एलायस आणखी म्हातारा झाला, तिच्या डोळ्यांदेखत.

"बरं दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "राहू द्या."

अंगणात माणसं जमली होती. एका बाजूला फुटबॉलचा संघ, डोक्यावर रान माजलेलं, अंगात बापांचे काळे कोट. इद्रिस त्यांच्यातही उभा नव्हता, कुंपणाशी वेगळाच होता. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. एलायस उंबऱ्यावर आला. मार्गेड त्याच्या मागे, इतकी जवळ की त्याच्या कोटाला लागलेला कापराचा वास तिला येत होता.

त्याने नावं घेतली. पहिलं खाणीच्या मुकादमाचं. मग कॅट्रिनच्या दोन भावांची. मग संघातल्या दोघांची, त्यावर अंगणात कुजबुज झाली. पाच झाली. सहावं नाव इतका वेळ येईना की पाद्रीबाबांनी खाकरून पाहिलं.

"इद्रिस," तो म्हणाला. आवाज फुटला, म्हणून त्याने पुन्हा नीट नाव घेतलं, बापाच्या नावासकट. "इद्रिस ओवेन प्रोथेरो. डोक्याकडे. डाव्या बाजूला."

इद्रिस कुंपणापासून पुढे आला. जवळून जाताना एलायसने त्याच्या दंडाला धरलं आणि सोडलं. सुटका झाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मार्गेडला तसं काही वाटलं नाही.

दफनभूमीपर्यंत बायका जात नाहीत. पुरुष गात गात चढणीला लागले आणि घरात तिघी उरल्या. लिसा आत्याने टेबलावर थंड हॅम मांडलं, मनुकांच्या ब्रेडचे काप केले, आणि कापता कापता स्वतःशीच म्हणाली, "याला मनुकांचा ब्रेड आवडायचा, पण मनुका काढून. असल्या माणसाने करायचं तरी काय!" मग तिला हुंदका आला आणि ती सुरी घेऊनच कोठीत गेली.

कॅट्रिनने झाडू घेतला होता. बैठकीतले केस तिने एका जागी गोळा केले, खाली बसली, आणि हाताने भरायला लागली. मार्गेड तिच्याजवळ टेकली.

"कानामागचे राहू दिलेस," कॅट्रिन म्हणाली.

"हात थरथरला गं."

"तुझा हात नाही थरथरत. ओवेनला न्हाऊ घातलंस तेव्हा नाही थरथरला." कॅट्रिन केस भरतच होती. "उशीची खोळ मी धुते, मार्गेड. चांभाराचं मेण उकळत्या पाण्याने निघत नाही. रॉकेल लावून चोळावं लागतं. दोन सोमवार चोळलं."

बाहेर गाणं वळणापलीकडे गेलं होतं. आता फक्त खालचे, जाड आवाज ऐकू येत होते.

"तुला माहीत होतं?"

"एलायसला वाटतं, त्याने लपवलं. पोरालाही वाटायचं. मी रोज ठरवायची, आज विचारीन. आणि तो शीळ घालत यायचा. दुकानदार त्याला नावाने हाक मारायचे. खाणीत जायचं नावसुद्धा काढत नव्हता. म्हटलं, थँक्सगिव्हिंगपर्यंतच आहे ना. तेवढं सरू दे." तिने हातातले केस बघितले. "तुला कापायला सांगितलं ते मुद्दाम. वाटलं, तू बघशील आणि ओरडशील. तू ओरडली असतीस तर मलाही ओरडता आलं असतं."

मार्गेडने तिचा हात धरला. कॅट्रिनने धरू दिला. कोठीत लिसा आत्या नाक शिंकरत होती. गाणं ऐकू येईनासं झालं, म्हणजे वर पोचले असणार.

"एलायसला नको सांगू मला माहीत होतं म्हणून," कॅट्रिन म्हणाली. "त्याला एकट्यालाच वाटू दे... नाही. काय ते मी बघीन." ती उठली, गुडघे झाडले, मार्गेडचं जुनं स्टूल भिंतीकडून ओढून चुलीजवळ उजेडात ठेवलं आणि फडक्यातली कात्री काढून त्यावर ठेवली.

"इद्रिस खाली आला की त्याला इथे बसव. सगळ्याच पोरांना बोलाव. मी डोकी धरते, तू काप," ती म्हणाली. "हंगाम संपला."